नागपूरकरांच्या मुलखांतील स्वस्त विलायती पिस्तुलें व त्यांची परीक्षा

वैनगंगेच्या पूर्वेकडील जुन्या जमीनदाऱ्यांचा बराच मुलूख हल्लीं गोंदिया जिल्ह्यांत मोडतो. हा जिल्हा १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला; म्हणून त्याच्या पूर्वेतिहासाचीं साधनें भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या नांवाखालींच शोधावीं लागतात. कामठा, आमगांव, चिचगड, पळसगांव या ठिकाणांचीं नांवें सांगून जीं जुनीं हत्यारें संग्राहकांपुढें ठेविलीं जातात, त्यांत तलवारी व कट्यारी यांच्या जोडीस एखादें ठासणीचें पिस्तूलहि निघतें. त्यावर मुकुट कोरलेला असतो, खालीं ‘टॉवर’ हा शब्द असतो, आणि विकणारा सांगतो कीं, हें कामठ्याच्या चिमणा पटेलाचें. किंमत फारशी नसते, व त्यामुळेंच मोह होतो.

असें पिस्तूल घ्यावें कीं न घ्यावें हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. संग्रहांत एकदां वस्तु शिरली कीं तिच्याखालीं चिठ्ठी लागते, चिठ्ठीवरून लेख होतो, आणि पुढील पिढी त्या लेखास प्रमाण मानते. कामठ्याच्या बंडासारख्या प्रकरणीं, जेथें आपल्या बाजूचीं कागदपत्रें तुटपुंजीं व इंग्रजांचे वृत्तांत भरपूर, तेथें एक खोटी वस्तु पुष्कळ अनर्थ करूं शकते.

प्रथम प्रसंग ध्यानांत घेऊं. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीची लढाई झाली. पुढील वर्षीं आप्पासाहेब भोसले कैद झाले व मे महिन्यांत निसटले. त्यांच्या पक्षानें जे जमीनदार उठले त्यांत कामठ्याचा चिमणा पटेल प्रमुख होता. १८१८ सालींच कॅप्टन गॉर्डन यानें कामठें घेतलें, पटेल पकडला गेला, आणि जमीनदारी त्या घराण्याकडून जाऊन लोधी घराण्याकडे आली. म्हणजे पिस्तूल खरोखर चिमणा पटेलाचें असेल तर तें १८१८ पूर्वीं या मुलखांत आलेलें असलें पाहिजे. परीक्षेचा पहिला दगड हाच.

या एका दगडावर निम्मीं पिस्तुलें फुटतात. तांब्याची टोपी बसविण्यासाठीं ज्याच्या नळीच्या बुडाशीं पोकळ बोंडी असते तें टोपीचें पिस्तूल होय. फोर्साइथ नामक स्कॉटिश पाद्र्यानें आघातानें पेटणाऱ्या दारूचा हक्क १८०७ सालीं मिळविला हें खरें. परंतु टोपीची पद्धति ब्रिटिश सैन्यांतहि १८४० च्या सुमारासच रूढ झाली. तेव्हां तसलें पिस्तूल चिमणा पटेलाच्या कमरेस कोठून असणार? मात्र एक सावधगिरी राखावी. चकमकीचीं हत्यारें मागाहून टोपीचीं करून घेण्याचा प्रघात सर्वत्र होता. अशा वेळीं कळीच्या पट्टीवर जुन्या रंजकदाणीची व पोलादी पानाच्या कमानीची भोकें बुजविल्याच्या खुणा राहतात. तीं भोकें सांपडलीं तर हत्यार टाकून देऊं नये.

आतां कळीविषयीं. घोडा, त्याच्या तोंडांतील गार, ती ज्यावर आदळते तें पोलादी पान, रंजकदाणी व आंतील कमानी मिळून जी रचना होते तिला येथें कळ म्हटलें आहे. विलायती हत्याराची सारी किंमत या कळींत होती. नळी आपल्याकडील लोहारहि उत्तम करीत. कित्येक देशी तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या विलायतीपेक्षां सरस आहेत. परंतु चकमकीच्या पानास नेमकें पाणी देणें व कमान न तुटेल न ढिली पडेल अशी तापविणें हें कसब निराळें. स्वस्त मालांत लबाडी होई ती येथेंच. पान मऊ लोखंडाचें राही, पांच-दहा बारांत त्यास चरे पडत, ठिणग्या उडेनाशा होत. रंजक पेटली व बार झाला नाहीं, किंवा रंजकच पेटली नाहीं, अशा हत्यारापेक्षां हातांतील भाला बरा. त्यांतहि पिस्तुलाचा घोडेस्वारास उपयोग एका बाराचा. तो चुकला कीं पुन्हां भरण्यास उसंत नाहीं.

विलायती हत्यारें नागपूरकरांकडे चांगल्या प्रतीचीं येत होतीं, हें मात्र निर्विवाद आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं आडगांवच्या लढाईंत दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. तेथून निसटलेलें बेनीसिंगाचें कवायती पायदळ गाविलगडावर गेलें. १५ डिसेंबरास किल्ला पडल्यावर जनरल वेलस्लीनें गव्हर्नर-जनरलास जो वृत्तांत धाडला, त्यांत या शिबंदीपाशीं कंपनीच्याच बंदुका होत्या असें तो नमूद करतो. शत्रूच्या हातीं आपलेंच हत्यार पाहिल्याची ही कबुली आहे, म्हणून ती अधिक विश्वसनीय. तरीहि गाविलगड पडला, व दोन दिवसांनीं देवगांवचा तह झाला.

याच्या शेजारीं नागपूर शहराचा वेढा ठेवून पाहावा. डिसेंबर १८१७ मध्यें शहरांत शिरून बसलेले अरब तोड्याच्या बंदुका वापरीत. त्यांची कळ जुनी, दिसावयास गांवठी. पण २४ डिसेंबरास जनरल डव्हटनचा जुम्मा दरवाज्यावरील हल्ला त्यांनीं परतविला, आणि अखेरीस अटी ठरवूनच ते बाहेर पडले. दोन्ही प्रसंगांची स्थिति भिन्न होती, हें मान्य करूनहि माझें मत असें कीं, विलायती कळ ही तिच्यामागें चालणाऱ्या पुरवठ्याइतकीच चांगली होती. चकमकीची गार वीस-पंचवीस बारांत बोथट होते, व त्या कामास इंग्लंडांत सफक परगण्यांतील ब्रँडन गांवची काळी गार नांवाजलेली होती. कमान तुटली तर ती घडणारा मनुष्य हवा. तोड्यास सुताची वात व विस्तव पुरे. कामठ्यासारख्या जंगली मुलखांतील जमीनदारास कोणतें हत्यार परवडलें असेल, याचें उत्तर यांतच आहे.

देशी कारागीर हें कसब शिकूंच शकत नव्हते असें मात्र कोणी समजूं नये. महादजी शिंद्यांच्या चाकरींतील द बॉयन याच्या फौजेसाठीं सँग्स्टर नांवाचा स्कॉटिश कारागीर आग्र्यास तोफा ओतीत असे व विलायती नमुन्याच्या बंदुका करवून घेत असे. त्या बंदुका नगास दहा रुपयांत पडत, व कामांत विलायतीहून उण्या नव्हत्या, असें काँप्टन यानें लिहून ठेविलें आहे. शिंद्यांपाशीं कारखाना होता, म्हणून त्यांस स्वस्त हत्याराची परीक्षा घरींच करतां आली. देवगांवच्या तहानें इंग्रजांशीं युद्ध चालू असलेल्या राष्ट्राचा मनुष्य, किंवा संमतीवांचून इंग्रजांचा प्रजाजन, चाकरीस ठेवण्याची रघूजींस बंदी झाली. तेव्हां असा एखादा सँग्स्टर नागपुरास येण्याचा मार्गहि आंखडला.

आतां ठशांकडे वळूं, कारण संग्राहक बहुधा ठसा पाहूनच भुलतो. मुकुट, राजाचीं आद्याक्षरें व ‘टॉवर’ हा शब्द ही इंग्लंडच्या सरकारी शस्त्रखात्याची खूण. कंपनीची खूण निराळी. १८०८ पर्यंत बदामाच्या आकारांत चार घरें, त्यांत कंपनीच्या नांवाचीं अक्षरें व वर चाराच्या आंकड्यासारखी रेघ, आणि कळीवर बहुधा कारागिराचें नांव व साल. १८०८ नंतर मागच्या पायांवर उभा, हातीं मुकुट धरलेला सिंह. म्हणून बदामाची खूण व १७९० च्या सुमाराचें साल असलेलें हत्यार चिमणा पटेलाच्या काळास उत्तम जुळतें. ‘टॉवर’ पेक्षां तें शतपट आशेचें. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर लगेच खोटें ठरवूं नये. १७९४ पासून फ्रेंच युद्धाच्या निकडीनें सरकारनेंच कंपनीच्या बंदुका हजारोंनीं विकत घेतल्या, आणि ३९ इंची नळीचा तोच नमुना पुढें ब्रिटिश पायदळाचा झाला. विलायती मालांत उसनवारी दोन्ही बाजूंनीं होती.

नळीच्या बुडाशीं परीक्षागृहाचे ठसे असतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीचे ठसे जुने. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें झालें. त्या ठशाचें पिस्तूल पांच वर्षांत कामठ्यापर्यंत पोहोंचणें अशक्य नव्हे, पण संशयास जागा देतें. अंडाकृति वेढ्यांत ई, एल, जी हीं अक्षरें असलीं तर माल बेल्जममधील लीज शहरचा. वेढ्यावर मुकुट असला तर १८९३ नंतरचा. एकोणिसाव्या शतकांतील खरोखरीचें स्वस्त विलायती पिस्तूल म्हणजे बहुशः हेंच. सर्वांत वाईट वर्ग खैबरकडील व अलीकडे राजस्थानांतील शोभेच्या वस्तूंच्या बाजारांतील नकलांचा. त्यांवर ‘टॉवर’ ठळक असतो. पण अक्षरें ठशानें न उठवितां छिन्नीनें ओरखडलेलीं, कधीं एखादें उलटें, आणि साल मन मानेल तें. घोडा चढवून हळूच उतरवून पाहावा. नकलेची कमान शिथिल असते, घोडा अर्ध्यावर अडकत नाहीं, व पोलादी पानावर कानस सहज चालते. खऱ्या पानावर ती घसरते. ही कसोटी पानाच्या पाठीमागील कडेवर करावी. दर्शनी भागास इजा करूं नये.

ठसा खरा ठरला तरी मालक ठरत नाहीं. येथें एक निराळा घोटाळा संभवतो, तो नांवाचा. कामठा हा गोंदियाजवळचा जमीनदारीचा गांव. कामठी ही नागपुरालगतची छावणी, १८२१ सालीं वसलेली. छावणीच्या गांवीं इंग्रजी स्वारांचीं पिस्तुलें, ९ इंच नळीचीं व सुमारें ०.६५ इंच पोकळीचीं, मिळालीं तर नवल नाहीं. ‘कामठीचें पिस्तूल’ दोन हातांतून फिरून ‘कामठ्याचें’ व्हावयास एक मात्रा पुरते.

यास्तव माझा निर्णय असा. केवळ ठशावर व तोंडी हकीकतीवर येणारें पिस्तूल हत्यार म्हणून घ्यावें, कळ अस्सल असेल तरच घ्यावें, आणि त्यास कामठ्याचें नांव देऊं नये. त्याबरोबर घरच्या दफ्तरांतील हत्यारांची याद, वांटणीपत्र किंवा १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याखालील परवान्याचा कागद येत असेल, तर मोडक्या कळीचेंहि मोल अधिक द्यावें. कागद वेगळा विकत मिळत असेल व पिस्तूल नको असेल, तर नुसता कागद घ्यावा.

विकत घेणारानें कायदाहि पाहावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमानें जुन्या नमुन्याचीं, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलीं वा निकामी हत्यारें वगळलीं आहेत; परंतु दुरुस्तीनें वा दुरुस्तीवांचून जें उडूं शकत नाहीं तेंच या सवलतीस पात्र. म्हणून हौसेखातर जुन्या कळीस नवी कमान बसवूं नये. तसें केल्यानें सवलत जाते, आणि कळीवरील पुरावाहि जातो. शंभर वर्षांवरील वस्तूंस १९७२ चा पुरावस्तु कायदा लागू आहे, व परवान्यावांचून त्या देशाबाहेर धाडतां येत नाहींत.

कामठा, आमगांव व चिचगड येथील जुन्या घरांच्या दफ्तरांत शिलेखान्याच्या यादी असल्यास त्यांच्या नकला प्रसिद्ध होणें इष्ट आहे. यादींत ‘पिस्तूल’, ‘कडाबीन’ व ‘तोड्याची बंदूक’ यांचे आंकडे निरनिराळे दिलेले असतील, तर वर तोड्याविषयीं जें अनुमान केलें आहे तें तपासून पाहतां येईल.