शब्दाविना गाणं

इंग्लंडात १९६० साली 'अपाचे' ही बिनशब्दांची धून वाजवून 'द शॅडोज' पहिल्या क्रमांकावर पोचले. पण टीव्हीवर गायकच नाही म्हटल्यावर कॅमेऱ्याने बघावं कुठे? ते तर गिटारी सांभाळत तालात पावलं टाकायचे!

आमच्या खालापुरात हा प्रश्न कधी पडलाच नाही. इथली बेंजो पार्टी वरातीत चालतच वाजवते. तो बेंजो म्हणजे १९१२ सालच्या जपानी ताईशोगोतोचा आपल्याकडचा नातेवाईक, बुलबुलतरंग. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिथे मला सतार दिसली, सनई दिसली, बेंजो काही दिसला नाही.

बीबीसीने त्या काळच्या कित्येक टेपा पुसून पुन्हा वापरल्या. आमच्या वादकाचं पुसायलाही काही नाही. गाणं साऱ्या वरातीला पाठ, वाजवणाऱ्याचं नाव कुणालाच नाही. पुढच्या वरातीत तेवढं विचारून घ्या, राव!