विंचवाचं बिऱ्हाड चार चाकांवर : व्हॅनमध्ये स्वतःचं घर बांधण्याआधी हे माहीत हवं!

रील साधारण अशी असते. व्हॅनचा मागचा दरवाजा उघडतो, समोर हिरवंगार माळरान, आत पांढरी चादर, खिडकीत छोटंसं रोप आणि गॅसवर उकळणारा चहा. खाली लाखभर लाईक्स आणि कमेंटमध्ये एकच वाक्य, "नोकरी सोडून हेच करायचंय!"

त्या तीस सेकंदांत दिसत नाही ते असं : पाणी कुठून आलं, वीज किती उरली, शौचालयाची टाकी कुठे रिकामी केली आणि गाडीच्या कागदांवर काय लिहिलंय. व्हॅनमधलं घर टिकतं की सहा महिन्यांत ओएलएक्सवर विकायला येतं, हे नेमकं या चार गोष्टींवर ठरतं. भारतात यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेकांना ती सगळ्यात शेवटी कळते.

ही कल्पना आली कुठून?

घर सोबत घेऊन फिरणं आपल्याला नवं नाही. मेंढरांमागे फिरणारे धनगर आजही घोड्यावर संसार लादून गावोगाव जातात. राजस्थानातून आलेल्या गाडिया लोहारांचं तर अख्खं घर बैलगाडीत असायचं. पण तो पोटासाठीचा प्रवास होता. हौस म्हणून असं फिरणं सुरू झालं ते इंग्लंडमध्ये.

गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले निवृत्त डॉक्टर. मुलांसाठी साहसकथा लिहायचे. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोडागाडी खास राहण्यासाठी बांधून घेतली. दोन घोडे जुंपलेली ही गाडी घेऊन ते दक्षिण इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेले. या १३०० मैलांच्या, म्हणजे सुमारे २१०० किलोमीटरच्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. फुरसतीसाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून 'वाँडरर'चं नाव घेतलं जातं.

मोटारीतलं घर सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते फोक्सवॅगनच्या चौकोनी व्हॅनमुळे. तिचं उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बसवता येईल असा झोपण्या-स्वयंपाकाचा संच आणला. २०११ मध्ये फॉस्टर हंटिंग्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने न्यूयॉर्कमधली नोकरी सोडली, तो अशाच एका व्हॅनमध्ये राहायला गेला आणि फोटोंखाली 'व्हॅनलाइफ' असा हॅशटॅग टाकू लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

गाडीला 'घर' कधी म्हणायचं?

नुसती गादी टाकली की कॅम्परव्हॅन होत नाही. युरोपच्या नियमांनुसार मोटर कॅरव्हॅनमध्ये चार गोष्टी लागतात : बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा. टेबल काढता-घालता आलं तरी चालतं, बाकीचं पक्कं बसवलेलं हवं. ब्रिटनमध्ये कागदोपत्री व्हॅनची 'मोटर कॅरव्हॅन' करून घ्यायची असेल, तर पलंग किमान सहा फूट लांब असावा लागतो आणि गाडी बाहेरूनही तशी दिसावी लागते.

बांधणीत सगळे जिथे चुकतात : वजन

घर बांधताना वजनाचा विचार कोणी करत नाही, पण व्हॅनमध्ये तोच आधी करावा लागतो. १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा एक प्लायवूड ३० किलोच्या वर भरतो. असे पाच वापरले, की दीडशे किलोंच्या पुढे गेलात. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. त्यात बॅटरी, गॅस, कपडे, भांडी आणि माणसं वेगळीच.

प्रत्येक गाडीला कमाल वजनाची मर्यादा असते. ती ओलांडली की ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, टायर तापतात आणि घाटात गाडी ओढत नाही. म्हणून अनुभवी मंडळी काम सुरू करण्याआधी गाडी रिकामी असताना वजनकाट्यावर नेतात आणि काम संपल्यावर पुन्हा एकदा नेतात. जड वस्तू खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये आणि डाव्या-उजव्या बाजूंना समान ठेवायच्या. वरच्या कपाटात फक्त हलकं सामान.

कामाचा क्रमही ठरलेला असतो. आधी गंज काढून रंग, मग खिडक्या आणि छतावरच्या पंख्यासाठी कापाकापी, मग वायरिंग, त्यावर उष्णतारोधक थर, मग पातळ प्लायचं अस्तर आणि शेवटी फर्निचर. घाईत हा थर वगळला, तर एप्रिलमध्ये पत्र्याची भट्टी होते. आणि थंडीत? रात्रभर माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर जमते, पाणी आत झिरपतं आणि गंज आतून सुरू होतो. कोकणातल्या दमट हवेत तर हा त्रास वर्षभर. त्यामुळे थर जितका गरजेचा, तितकीच हवा खेळती ठेवणारी खिडकी आणि पंखाही.

वीज : महिन्याचं बिल विसरा, इथे दिवसाचा हिशेब असतो

वीजबिलावर दिसतो तोच युनिट इथेही धरू. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात साधारण १.२ युनिट वीज असते. बस्स, एवढीच!

आता खर्च पाहा.

• २५ वॉटचा पंखा रात्रभर आठ तास : ०.२ युनिट
• एलईडी दिवे संध्याकाळभर : सुमारे ०.०५ युनिट
• मोबाइल आणि लॅपटॉप चार्जिंग : सुमारे ०.१५ युनिट
• १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज, दिवसभर : ०.४ ते ०.५ युनिट

बेरीज ०.९ युनिटच्या आसपास जाते. छतावरचं २०० वॉटचं सोलर पॅनेल चार तास कडक ऊन मिळालं, तर जास्तीत जास्त ०.८ युनिट देतं. म्हणजे हिवाळ्यात जेमतेम भागतं आणि जुलैच्या पावसात भागत नाही. मग गाडी चालू असताना इंजिनवर बॅटरी भरून घ्यावी लागते. त्यात १५०० वॉटचं इंडक्शन अर्धा तास चालवलं, की पाऊण युनिट गेलं. एसीचा तर विचारच सोडा.

आणखी एक धोका रीलमध्ये कधीच सांगत नाहीत. १२ व्होल्टवर १००० वॉटचं उपकरण चालवलं, तर वायरमधून ८० अँपिअरहून जास्त प्रवाह जातो. घरात तेच उपकरण चार-पाच अँपिअर घेतं. म्हणून घरगुती जाडीची वायर इथे तापते आणि पेट घेऊ शकते. जाड केबल आणि बॅटरीला लागून फ्यूज, या दोन गोष्टींत पैसे वाचवायचे नसतात.

गॅस, पाणी आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडर ठेवायचा कप्पा आतल्या जागेपासून बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, अशी रचना लागते. थंडी वाजते म्हणून बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटवून झोपणं तर जिवावर बेतू शकतं. जळणातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. त्याची सूचना देणारा छोटा अलार्म मिळतो, तो बसवलाच पाहिजे.

पाण्याचं गणित घरच्यापेक्षा पार वेगळं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. व्हॅनमध्ये दोघांचा दिवस २०-२५ लिटरमध्ये काढावा लागतो. अंघोळ बादलीभर नव्हे, तांब्यावर. भांडी आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. साबणाचं पाणी टाकीत साठवायचं, ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही.

शौचालयाची टाकी तीन-चार दिवसांनी भरते. ती फक्त शौचालयात किंवा सेप्टिक टँकमध्येच रिकामी करायची असते. हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे न्यूझीलंडकडे पाहून कळतं. गाड्यांमध्ये राहणाऱ्या पर्यटकांनी रस्त्याकडेला घाण केल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा तिथे २०११ मध्ये कायदा झाला. २०२३ मध्ये तो आणखी कडक करण्यात आला. आता 'स्वयंपूर्ण' गाडीचा दाखला हवा असेल, तर शौचालय गाडीत पक्कं बसवलेलं लागतं.

आता मुद्द्याचं : भारतात हे कायदेशीर आहे का?

उत्तर 'हो' आहे, पण 'स्वतःच्या मनाने' नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने मुळात दिलेल्या माहितीशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणजे छत कापून उंच करणं, मागच्या सीट कायमच्या काढणं, मालवाहू टेम्पोचं राहतं घर करणं, हे सगळं 'माझी गाडी, माझी मर्जी' या सदरात बसत नाही. भारतात मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. अशा वाहनांची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एआरएआय तर आपल्या पुण्यातच आहे. त्यामुळे पक्कं घर हवं असेल, तर मंजुरी असलेल्या बांधणी करणाऱ्याकडून करून घेणं हाच सुरक्षित रस्ता.

मग हौशी लोक काय करतात? गाडीच्या रचनेला हात न लावता काढता-घालता येणारा संच बनवतात. घडीचा पलंग, डिकीत बसणारी स्वयंपाकाची पेटी, उचलून नेता येणारा पॉवर बॉक्स. परत आलं की सगळं बाहेर आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी. फक्त प्रवासात हे सामान पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं हवं, नाहीतर जोरात ब्रेक लागताच तेच अंगावर येतं.

तीन गोष्टी मात्र खरेदीआधीच करायच्या :

• काय बदल करायचा आहे ते लेखी देऊन आरटीओत विचारायचं. आधी कापून मग विचारायचं नाही.
• विमा कंपनीला कळवायचं. न सांगितलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो.
• जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल, तर आरसीची मुदत बघायची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून नूतनीकरण लागतं.

थांबायचं कुठे?

"गाडी आपली, रस्ता सरकारचा, मग कुठेही थांबा," हा गैरसमज जगभर आहे. स्कॉटलंडमध्ये माळरानावर मुक्तपणे फिरण्याचा हक्क २००३ च्या कायद्याने दिलाय, पण तो पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांसाठी. मोटारगाड्या त्यातून वगळल्या आहेत.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरव्हॅन आणि त्या उभ्या करायच्या जागा, म्हणजे कॅरव्हॅन पार्क, या दोन्हींचा विचार आहे. पण पार्क जवळ नसेल, तर गावात शिरल्यावर सरळ विचारणं हाच उत्तम उपाय. शेताच्या कडेला थांबायचं तर मालकाला, गावठाणात थांबायचं तर ग्रामपंचायतीत. उजेड असताना पोहोचलं आणि नीट विचारलं, तर सहसा जागाही मिळते आणि चहाही. रात्री दहाला अनोळखी गाडी गावाबाहेर उभी दिसली, तर गावकऱ्यांनी काय समजायचं?

जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम नको. आणि समुद्राच्या वाळूत गाडी अजिबात उतरवायची नाही. ओहोटीला टणक वाटणारी वाळू भरतीत चाक गिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं.

घाई नसेल तरच मजा

स्टेबल्स यांच्या प्रवासाला आता १४० वर्षं झाली, पण त्यातलं एक सूत्र अजून लागू आहे : घर सोबत असेल, तर पोहोचायची घाई करायची नाही. जड गाडी ८० च्या वेगाने पळवण्यात डिझेलही जातं आणि कपाटातल्या बशाही.

कोकणचा किनारी रस्ता याला अगदी साजेसा. वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ अशा फेऱ्यांवर गाडी जंगलजेटीतून खाडीपार जाते आणि लांबचा वळसा वाचतो. (गाडीची उंची आणि वजन आधी सांगून विचारलेलं बरं.) दिवसाला दोन-अडीच तास गाडी चालवायची, दुपारी सावलीत थांबायचं, संध्याकाळी पाच वाजायच्या आत मुक्कामाची जागा ठरवायची. उरलेला वेळ पाणी भरणं, बाजार, स्वयंपाक, झाडलोट यांत जातो. हे सगळं कंटाळवाणं वाटत असेल, तर व्हॅनमधलं घर आपल्यासाठी नाही, हेही लवकर कळतं.

म्हणूनच गाडी विकत घेण्याआधी एक साधी परीक्षा घ्यायची. भाड्याची कॅरव्हॅन किंवा घरच्याच गाडीत गादी टाकून चार रात्री बाहेर काढायच्या, त्यातली एक तरी पावसाची. पाचव्या दिवशी सकाळी पुढच्या गावाचं नाव सुचलं, तर आरटीओत जाऊन अर्जाबद्दल विचारायला हरकत नाही. घरचा नळ आणि कमोड आठवला, तर रील आहेतच!