स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे मानसिक बदल : एक ऐतिहासिक आढावा (अमेरिकेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास दीर्घकाळ शल्यविशारदांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. शस्त्रक्रियेनंतर स्त्रीच्या मनाचे काय होते, हा प्रश्न त्यात उशिरा आला. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील घटनांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे.

नकारात्मक बदल :
बाल्टिमोर येथील विल्यम हॅलस्टेड यांनी १८९४ मध्ये स्तन, छातीचे स्नायू व काखेतील लसिकाग्रंथी एकत्र काढण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे सुमारे पाऊण शतक हीच पद्धत प्रमाण मानली गेली. अनेकदा गाठीची तपासणी व शस्त्रक्रिया एकाच भुलीत होत असे. त्यामुळे स्तन गेला की राहिला, हे स्त्रीला शुद्धीवर आल्यावरच कळे. नैराश्य, रोग उलटण्याची धास्ती, देहाविषयीचा संकोच व पतीपासून येणारा दुरावा हे बदल यातून संभवतात. निर्णयात आपल्याला स्थान नव्हते, ही जाणीव त्यांत भर घालते.

सकारात्मक बदल :
टेरीस लॅसर यांनी १९५२ मध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या रुग्ण स्त्रियांना भेटून धीर देण्याचा उपक्रम सुरू केला. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली शस्त्रक्रिया जाहीर केल्याने या विषयावरील मौन सुटले. शेली टेलर यांनी १९८३ मध्ये, अशा स्त्रिया आजाराचा अर्थ शोधून आत्मसन्मान पुन्हा उभारतात, असे मांडले. टेडेस्की व कॅलहून यांनी १९९६ मध्ये ‘आघातोत्तर वृद्धी’ मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नात्यांतील जवळीक, स्वसामर्थ्याची ओळख व जीवनाविषयीची कृतज्ञता ही या वृद्धीची अंगे होत.

मर्यादा :
तथापि, सकारात्मकतेची सक्तीही जाचक ठरते. कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) मध्ये कृत्रिम स्तन लावून काहीच घडले नाही असे भासविण्यास नकार दिला. शोक व क्रोध व्यक्त केल्यानेच त्यांना बळ लाभले. बार्बरा एहरनराईक यांनीही २००१ मध्ये सक्तीच्या आनंदी वृत्तीवर टीका केली.

निष्कर्ष :
नकारात्मक व सकारात्मक बदल परस्परविरोधी नसून एकाच मनात एकत्र नांदू शकतात. वृद्धी ही आजाराची देणगी नव्हे. माहिती, समदुःखी स्त्रीची सोबत आणि निर्णयाचा अधिकार मिळाल्यास तिला वाव मिळतो. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने तपासणी व शस्त्रक्रिया स्वतंत्र टप्प्यांत करण्याची शिफारस केली. तिच्या तज्ज्ञमंडळात रोज कुशनर ही रुग्ण स्त्री होती, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.