कोळशाने सांगितलेला काळ

जमिनीतून निघालेल्या मडक्यावर त्याचे वय लिहिलेले नसते. सोबत नाणे किंवा शिलालेख मिळाला तर काळ ठरविता येतो. पण ज्या संस्कृतीची लिपीच आपल्याला वाचता येत नाही, तिचे काय करायचे? सिंधू संस्कृतीच्या शोधाची वार्ता १९२४ मध्ये जगाला कळली आणि पुढची कित्येक वर्षे संशोधकांची भिस्त शेजाऱ्यांच्या साक्षीवर राहिली. मेसोपोटेमियाच्या शहरांत सिंधू पद्धतीच्या मुद्रा सापडल्या होत्या. तिथल्या राजांचा काळ ठाऊक होता. त्या आधारे मॉर्टिमर व्हीलर यांनी इ. स. पू. २५०० ते १५०० असा हजार वर्षांचा काळ मांडला.

दरम्यान अमेरिकेत विलर्ड लिबी यांनी कार्बन-१४ ची पद्धत शोधली होती. १९४९ मध्ये त्यांनी ज्ञात वयाच्या नमुन्यांवर ती तपासून दाखविली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिची कल्पना सोपी आहे. झाड जिवंत असेतो हवेतून कार्बन घेत असते आणि त्यात किंचित किरणोत्सारी कार्बनही असतो. झाड मेले की आवक थांबते आणि हा साठा दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. आजच्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला सुमारे चौदा अणूंचे विघटन होते. सिंधू काळातल्या कोळशात ते आठाच्या आसपास येते. आपला सगळा इतिहास या फरकात दडलेला! मोजणी अतिशय नाजूक, म्हणून बाहेरच्या किरणांपासून यंत्राला जाड कवचात जपावे लागते.

हे काम भारतात उभे राहिले ते आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. देवेंद्र लाल, शीला कुसुमगर आणि धर्मपाल अग्रवाल ही त्यातली प्रमुख नावे. यांतले अग्रवाल एकाच वेळी पुरातत्त्वाची आणि प्रयोगशाळेची भाषा बोलणारे. त्या वेळी राजस्थानात कालीबंगनचे उत्खनन सुरू होते, गुजरातेत लोथल उजेडात आले होते. तिथला कोळसा मुंबईत येऊ लागला. पुढे आपल्या घोड नदीकाठच्या इनामगावच्या नमुन्यांचेही कालमापन झाले.

फेब्रुवारी १९६४ मध्ये अग्रवाल यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. सिंधू संस्कृतीचा काळ इ. स. पू. २३०० ते १७५० एवढाच, असे त्यांनी मांडले. व्हीलर यांची हजार वर्षे साडेपाचशेवर आली. प्राचीनतेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात एखाद्या संस्कृतीचे आयुष्य कमी करून सांगणे सोपे नसते. पण मोजणी जे सांगत होती, ते त्यांनी सांगितले.

मात्र गोष्ट इथे संपली नाही. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखेच होते, हे या पद्धतीचे एक गृहीतक होते. कॅलिफोर्नियातील हजारो वर्षे जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइन वृक्षांची वर्षवलये मोजल्यावर ते डळमळले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बदलते, तसे हे प्रमाणही बदलते. सिंधू काळात ते जास्त होते. म्हणून नमुने आहेत त्यापेक्षा तरुण भासत होते. वर्षवलयांनुसार दुरुस्ती केल्यावर नागर सिंधू संस्कृतीचा काळ साधारण इ. स. पू. २६०० ते १९०० ठरला. उरच्या राजदफनभूमीत सापडलेल्या सिंधू बनावटीच्या लाल मण्यांशीही तो जुळला. म्हणजे आकडे मागे सरकले, पण आयुष्य हजार वर्षांहून कमीच राहिले. अग्रवाल यांच्या मांडणीतला हा गाभा टिकला.

१९७२ मध्ये देवेंद्र लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. हे कामही तिकडे गेले आणि अग्रवालही. तिथे त्यांची दृष्टी पुरातत्त्वाकडून भूविज्ञानाकडे वळली. काश्मीर खोऱ्यात एका जुन्या सरोवराच्या तळाशी साचलेले करेवा नावाचे गाळाचे थर आहेत. त्यांचा आरंभ सुमारे चाळीस लाख वर्षांपूर्वीचा. कार्बनची धाव पन्नास हजार वर्षांपर्यंतच. त्यामुळे तिथे गाळात गोठलेल्या चुंबकीय दिशा वाचाव्या लागल्या. त्यांतून खोऱ्याच्या बदलत्या हवामानाचा इतिहास जुळविता आला. निवृत्तीनंतर अग्रवाल अल्मोड्यात राहिले आणि कुमाऊंच्या पारंपरिक विज्ञान-तंत्रज्ञानाचा अभ्यास करू लागले.

वर्तमानपत्रात आपण वाचतो, ‘अमुक ठिकाणी इतक्या हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले’. ते वाचून आनंद जरूर व्हावा. पण सोबत तीन प्रश्नही विचारावेत. नेमके काय मोजले? ते ज्या थरात सापडले, तो थर निर्विवाद होता का? आणि आकड्यात पुढची दुरुस्ती झाली आहे का? प्रयोगशाळेच्या प्रत्येक तारखेपुढे अधिक-उणे अशी खूण असते. आपल्याला किती ठाऊक आहे, याचा तो प्रामाणिक हिशेब. इतिहासाबद्दल बोलताना ती खूण आपणही मनात ठेवली, तर निम्मे वाद आपोआप मिटतील.