सावकाराची वही आणि सिबिलचा स्कोअर

सावकाराच्या वहीतल्या खोट्या आकड्यावरही आमच्या बापजाद्यांना अंगठा उठवावा लागे. आता ती वही संगणकात गेली आहे. पत-अहवालातल्या चुकीवर हरकत घेण्याचा हक्क अमेरिकेने १९७० मध्ये दिला. आपल्याकडे कायदा झाला २००५ मध्ये. दुरुस्तीची मुदत ३० दिवस. मुदत मोडली तर? दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने! कायद्याखालचे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात, परिपत्रक तसे ठेवावे लागत नाही. बँकेने कर्ज नाकारलेल्या पोराच्या एका दिवसाची किंमत १०० रुपयेच का, यावर सभागृहात मतदान झालेले नाही. राखीव जागांवरून निवडून गेलेले आमचे खासदार हे कधी विचारणार?