पन्नाशीनंतर नोकरी : हक्क, कागदपत्रं आणि मदत

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं काम सुटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "आता या वयात कोण ठेवणार?" पण त्याआधी जे हक्काचं आहे, ते हातातून जाऊ देऊ नका.

पेन्शन मोडू नका
पीएफ कापला जात असेल तर त्यातला एक भाग पेन्शन योजनेत (ईपीएस-९५) जातो. एकूण १० वर्षं नोकरी भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. आपल्याकडे बरेच जण आठ-नऊ वर्षांवर काम सुटलं की लग्नकार्यासाठी हीसुद्धा रक्कम काढून घेतात, आणि तिथेच हक्क संपतो. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढच्या नोकरीत तोच यूएएन नंबर द्या, म्हणजे जुनी वर्षं धरली जातात. किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. रक्कम थोडी, पण ती हयातभर मिळते आणि नंतर विधवा पत्नीलाही.

कामावरून कमी केल्यास
कारखान्यात कामगार कपात करताना सर्वसाधारण नियम 'शेवटी आलेला आधी जाईल' असा आहे. त्याच कामातल्या जुन्या माणसाला आधी काढलं, तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी मागा. हिशोब दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, ओळखपत्र जपून ठेवा. राजीनाम्यावर घाईत सही करू नका.

हातात हुनर असेल तर
शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, न्हावी, कुलूप बनवणारे अशा १८ कामांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. अट किमान १८ वर्षं वयाची. ट्रेनिंगमध्ये रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो, म्हणून फॉर्म कोणाच्या नावाने भरायचा हे घरात आधी ठरवा. नोंदणी सीएससी केंद्रात होते.

साठीनंतर
ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. पेन्शन, कायदेशीर बाबी यांची माहिती तिथे मिळते.

काम टिकवताना
चष्म्याचा नंबर वेळेवर तपासा. लूमवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांनी कानही तपासून घ्यावेत. रात्रपाळी झेपत नसेल तर मालकाशी स्पष्ट बोला. नव्या पोरांना शिकवणं, माल तपासणं, स्टोअर सांभाळणं अशी कामं मागता येतात. आणि मुलांनो, अब्बांचे हे ऑनलाइन फॉर्म तुम्ही बसून भरून द्या.