कोरोनाचा आकडा कसा वाचायचा?

रोजचा रुग्णांचा आकडा तपासण्यांवर चालतो. सुट्टीच्या दिवशी तपासण्या कमी झाल्या की आकडा आपोआप खाली येतो, त्यात खूश होण्यासारखं काही नसतं. म्हणून शंभर तपासण्यांत पॉझिटिव्ह किती, ते बघायचं.

मृत्यूचं गणित अवघड. २०२१ अखेर भारताची सरकारी नोंद सुमारे ४.८१ लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०-२१ या दोन वर्षांचा अंदाज ४७ लाख. केंद्राने तो मान्य केला नाही. संघटनेने एरवीपेक्षा एकूण किती माणसं जास्त गेली ते मोजलं, त्यात उपचाराविना इतर आजाराने गेलेलेही आले. सरकारी यादीत मात्र तपासणी न होता घरीच गेलेला माणूस येत नाही. अशा हिशोबाला ग्रामपंचायतीतली मृत्यूनोंदच कामी येते. ती २१ दिवसांच्या आत मोफत होते, पण खेड्यात हे राहूनच जातं.

वारसांना ५० हजारांची मदत देताना, दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने अर्ज नाकारू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ ला बजावलं. पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत घरी झालेला मृत्यूही त्यात धरला. ज्यांच्याकडे रिपोर्टच नव्हता, त्यांची मात्र पंचाईत झाली.